लायनर बदलायचे की ब्लॉक आहे तसा ठेवायचा? अंबडच्या बोरिंगवाल्या मामांकडचे एकोणीस दिवस

"ताई, गाडी रोज कुठे जाते?"

इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला मुख्य सांगाडा, टेबलावर ठेवल्याबरोबर मामांनी हे विचारलं. मी तयारी करून गेले होते ती बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) किती, पिस्टन कुठले, स्लीव्ह (सिलिंडरमधली लोखंडी नळी, म्हणजेच लायनर) कुठून मागवायच्या याची. रोजच्या रस्त्याबद्दल तोवर मला कुणी विचारलंच नव्हतं.

गाडी रोज नाशिकच्या इंदिरानगरहून सिन्नरला जाते. मुसळगाव एमआयडीसीत मी क्वालिटीला आहे; दिवसभर मापं घ्यायची: बोअर गेज, मायक्रोमीटर आणि सीएमएम यंत्र. जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर, मध्ये शिंद्याचा टोलनाका, पुढे मोहदरी घाट. महिन्यातून एकदा आईला घेऊन कसारा घाट उतरून कल्याणला मावशीकडे. गाडी म्हणजे वडिलांनी २००२ साली घेतलेली होंडा सिटी व्हीटेक. दीड लिटरचं इंजिन, १४९३ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) ८४.५. वडील २०१९ मध्ये गेले. गाडी विकायची नाही हे घरात कुणी बोलून दाखवलं नाही, पण ठरलं. ती कव्हर घालून पार्किंगमध्ये उभी करायची नाही, हे माझं. छोटा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा, लावायचा आणि रोज चालवायची.

आता दुकानाबद्दल. गरवारे पॉइंटकडून अंबड एमआयडीसीत आत शिरलं की मागच्या एका गल्लीत पत्र्याची शेड आहे. नाव लिहीत नाही, कारण मालकांनी तसं सांगितलंय. दोघंच माणसं आहेत आणि हातातली कामंच उरकत नाहीत. पुतण्या बोरिंग (सिलिंडरचं भोक कापून मोठं करणं) आणि सरफेसिंगचं (ब्लॉकचा वरचा भाग सपाट करण्याचं) मशीन बघतो. होनिंग (दगडानं घासून भोकाला शेवटचं माप देणं) आणि मोजमाप मामांकडे. मामा सातपूरला मायकोत टूलरूममधून निवृत्त झालेले. डिझेलच्या नोझलमध्ये सुई आणि तिचं घर यांच्यात काही मायक्रॉनांचीच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फट असते, असल्या कामात ज्याची नोकरी गेली त्याला सिलिंडरचा बोअर दाखवताना मला परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं.

मी तिथे का गेले, ते सांगायला हवं.

टर्बोच्या तयारीत तीन वर्षांपूर्वी मी मूळ ब्लॉकला लायनर बसवून घेतले होते. नाशिकबाहेरच्या एका दुकानात. "टर्बो लावायचा म्हणजे लायनर बदलायलाच पाहिजेत," असं सगळे म्हणत होते आणि मीही मान डोलावली. त्यांनी मूळ कास्ट आयर्नची स्लीव्ह पूर्ण खाऊन टाकली, उरलेल्या पातळ ॲल्युमिनियमच्या भिंतीत सरळ नळीसारखे ड्राय लायनर दाबले. वर कॉलर नाही, खाली टेकायला पायरी नाही. सात हजार किलोमीटर गाडी ठीक चालली. मग एका मे महिन्यात, कल्याणहून येताना कसारा घाट चढताना तापमानाचा काटा वर गेला. बाजूला घेतली तर कूलंटच्या बाटलीत उकळत्या भातासारखे बुडबुडे. आई शेजारी बसलेली. इगतपुरीपर्यंत टो करून आणावी लागली.

हेड (ब्लॉकवरचं झाकण) उतरवलं तेव्हा गॅस्केटवर, म्हणजे दोघांमधल्या सीलवर, दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये काळा पट्टा होता. गॅस्केट बदलून काम भागेल असं तीन जणांनी सांगितलं. मामांनी डायल इंडिकेटर लावला. तीन नंबरचा लायनर डेकपासून, म्हणजे ब्लॉकच्या वरच्या सपाट भागापासून, ७० मायक्रॉन खाली बसलेला होता. "नख फिरवा," म्हणाले. नखाला पायरी लागली. हे मी स्वतः आधी का केलं नाही याची मला आजही चुटपुट आहे, कारण हे माझं रोजचं काम आहे.

लायनर खाली का बसला, याचा हिशेब मामांनी पाठकोऱ्या कागदावर करून दाखवला. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ८० मिलिमीटरच्या आसपासच्या व्यासावर, वीस अंशांवरून नव्वद अंशांवर गेलं की ॲल्युमिनियमचं भोक लोखंडी लायनरपेक्षा साधारण ६० मायक्रॉन जास्त उघडतं. म्हणजे थंड असताना ६०-७० मायक्रॉनचं प्रेस फिट ठेवलं असेल, तर गरम इंजिनमध्ये लायनरला धरून ठेवणारं जवळपास काहीच उरत नाही. त्यावर हेडच्या बोल्टांचा दाब, पिस्टनची ये-जा, रोज एकदा तापणं आणि एकदा निवणं. खाली पायरी असती तर तो तिथे टेकून राहिला असता. मजबुतीसाठी केलेल्या कामानंच ब्लॉक निकामी झाला होता. मूळ स्लीव्ह ओतकामातच ॲल्युमिनियममध्ये धरलेल्या असतात. त्या पकडीची बरोबरी करायची तर नंतरचं काम फार विचारानं करावं लागतं.

तर दुसरा ब्लॉक शोधणं आलं. तो कुर्ल्याहून आणला, आणि मामांच्या टेबलावर ठेवला तो हाच. सोबत माझ्या पिशवीत दोन गोष्टी होत्या: आयात केलेल्या कॉलरवाल्या डक्टाइल आयर्न स्लीव्हचं कोटेशन, पुण्यातल्या सीएनसी कामासह एक लाख साठ हजार, आणि घाईघाईत ऑनलाइन मागवलेला ब्लॉक गार्ड.

या इंजिनाचा ब्लॉक ओपन डेक आहे. ज्यांनी हेड काढलेलं पाहिलं नाही त्यांच्यासाठी: पाणी भरलेल्या पातेल्यात चार पेले ओळीनं एकमेकांना चिकटवून उभे करावेत, तळाशी ते पातेल्याला जोडलेले, वरच्या काठाशी मोकळे. पाणी अगदी वरपर्यंत खेळतं म्हणून थंडावा छान, आणि ओतायलाही सोपं. पण वरचा काठ बाजूनं कुणी धरलेला नाही. पिस्टन खाली ढकलला जाताना कनेक्टिंग रॉड तिरकी असते, म्हणून तो भिंतीच्या एका बाजूवर रेलतो. जळत्या वायूचा दाब ८० बार धरला तर ७५ मिलिमीटरच्या पिस्टनवर ३६०० किलोचा भार येतो. त्यातला काही वाटा बाजूच्या भिंतीवर. दाब वाढत गेला की पेल्याचा काठ हलतो, गॅस्केट घासतं आणि फुटतं. फारच झालं तर भिंतीला चीर जाते. मूळ १०६ अश्वशक्तीसाठी ही रचना उत्तम आहे. प्रश्न माझ्या टर्बोचा होता.

ब्लॉक गार्ड म्हणजे या मोकळ्या काठाला आधार म्हणून पाण्याच्या वाटेत वरून ठोकून बसवायची ॲल्युमिनियमची चौकट. मामांनी ती हातात घेतली, ब्लॉकवर धरली, बाजूला ठेवली. त्यांचं म्हणणं असं: घट्ट बसवली तर बोअर वाकवते, म्हणून ती बसवायचीच असेल तर बोरिंग आणि होनिंगच्या आधी, सैल बसवली तर काही कामाची नाही आणि हलत राहिली तर भिंतीवर घासते. शिवाय जिथे सगळ्यात जास्त उष्णता तिथेच पाण्याची वाट अरुंद होते. "पाव मैलाच्या शर्यतीला ठीक असेल. तुम्ही मे महिन्यात मोहदरी चढणार, पुढे कांद्याचा ट्रक, एसी चालू." ही चौकट लावून वर्षानुवर्षं बिनतक्रार गाड्या चालवणारे लोक आहेत, हे मी वाचलं होतं आणि त्यांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, असतील. पण या चौकटीच्या भोकांचा आकार आणि माझ्या ब्लॉकच्या पाण्याच्या वाटा जुळत नाहीत. खरंच जुळत नव्हत्या. दोन ठिकाणी भोक अर्धं झाकलं जात होतं.

पाण्याच्या वाटेत सिमेंटसारखा भराव घालायचा प्रकार मी नुसता उच्चारला आणि सोडून दिला. रोजच्या गाडीला तो विषयच नाही.

उरल्या स्लीव्ह. इथे मामांनी मला नाही म्हटलं नाही, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कॉलरवाल्या स्लीव्ह नीट बसवल्या तर वरच्या कडा एकमेकींना टेकतात, डेक बंद होतो, खाली पायरी असते म्हणून बसायचा धोका नाही. ज्याला मूळच्या दुप्पट-अडीचपट ताकद काढायची आहे किंवा ज्याच्या ब्लॉकच्या भिंतीला चीर आहे, त्यानं तेच करावं. पण त्यांनी विचारलं, रॉड कुठल्या आहेत? पिस्टन कुठले? बूस्ट कुठल्या आरपीएमला किती? मी सांगत गेले आणि सांगता सांगताच मला दिसायला लागलं की माझ्या आकड्यांवर सिलिंडरच्या भिंतीची पाळी येतच नाही. या इंजिनात आधी मूळ रॉड वाकतात, ओतीव पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते. ते दोन्ही मी फोर्ज्ड, म्हणजे घडीव, घेतले होते. बूस्ट ठरवलं होतं ०.४५ बार. भिंत तुटते ती बहुतेक वेळा नॉकिंगनं, म्हणजे इंधन वेळेआधी, वेडंवाकडं पेटून हातोडीच्या घावासारखा दाब आल्यानं. ते थांबवायचं काम ट्यूनचं, इंटरकूलरचं (टर्बोची तापलेली हवा गार करणारा) आणि चांगल्या पेट्रोलचं आहे.

"आधी मोजू," म्हणाले. मग दोन तास मोजलं.

हा भाग मी सविस्तर लिहिते, कारण पैसे यासाठी द्यावेत. डेकवरून व्हर्नियर लावून प्रत्येक सिलिंडरच्या भिंतीची जाडी चार दिशांना. ओतकामात गाभा सरकला असेल तर एक बाजू पातळ निघते. आमच्या ब्लॉकमध्ये फरक नगण्य होता. मग बोअर गेजनं प्रत्येक सिलिंडर तीन उंचींवर, दोन दिशांना. सगळ्यात जास्त टेपर (वर-खालच्या व्यासातला फरक) ३० मायक्रॉन, लंबगोलपणा २०. मग डाय टाकून चिरा शोधल्या. एकही नाही. सगळे आकडे वहीत, तारखेसह, आणि वहीच्या पानाचा फोटो मला काढू दिला. ज्या दुकानात माझा पहिला ब्लॉक खराब झाला तिथे मला एकही आकडा कधी मिळाला नव्हता.

एक चूक माझी. मी ७५.५० चे पिस्टन आधीच घेऊन ठेवले होते. हा ब्लॉक ०.२५ ओव्हरसाइझमध्ये साफ निघाला असता आणि भिंत तेवढी जाड राहिली असती. मामांनी ते बोलून दाखवलं, मग म्हणाले, बाजूला आठवा भाग मिलिमीटरच जास्त जातोय, चालेल. पण पिस्टन हातात आल्याशिवाय ते बोअरला हात लावत नाहीत, हे माझ्या घाईला सोयीचं ठरलं. त्यांनी चारही पिस्टन मायक्रोमीटरनं मोजले. दोन नंबरचा बाकीच्यांपेक्षा ८ मायक्रॉननं लहान. मग प्रत्येक पिस्टनला त्याचं त्याचं सिलिंडर, त्याच्या मापाचं.

टॉर्क प्लेट हा आमच्यातला एकमेव वाद. हेडचे बोल्ट आवळले की ब्लॉक ओढला जातो आणि नुसत्या ब्लॉकवर गोल होन केलेला बोअर हेड बसल्यावर गोल राहत नाही. म्हणून हेडच्या जागी जाड लोखंडी प्लेट, मधे गॅस्केट ठेवून, तेवढ्याच टॉर्कनं आवळायची आणि मग होनिंग करायचं. मामांकडे या इंजिनाची प्लेट नव्हती, आणि सुरुवातीला त्यांना ती गरजेचीही वाटत नव्हती. मी हट्ट धरला. सातपूरच्या एका जॉबवर्कवाल्याकडून ४० मिलिमीटरची प्लेट कापून, ग्राइंड करून आणली, साडेसहा हजार. आवळली आणि मोजलं: बोल्टांजवळ बोअर १५ मायक्रॉननं ओढला गेला होता. मामांनी आकडा दोनदा पाहिला, चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा मोजला. "बरोबर आहे तुमचं." एवढ्या वर्षांच्या माणसानं गेजसमोर आपलं मत बदललं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

होनिंगनंतरची धुलाईही बघून घ्या. गरम पाणी आणि साबण, ब्रश, मग पांढऱ्या सुती फडक्यानं पुसायचं, फडकं करडं निघालं की पुन्हा धुवायचं. आमचं पाचव्यांदा पांढरं निघालं. मग लगेच तेलाचा हात. होनिंगच्या दगडाची बारीक पूड राहिली तर रिंगा लवकर झिजतात.

बिल: बोरिंग-होनिंग चार सिलिंडरचं ४,८००, डेक सरफेसिंग १,५००, धुलाई आणि तपासणी ६००. प्लेट धरून १३,४००. एक लाख साठ हजारांची तयारी ठेवून मी गेले होते. उरलेल्यातून मोठा रेडिएटर, चांगला इंटरकूलर, हेडचे स्टड आणि मल्टिलेअर स्टीलचं गॅस्केट आलं, आणि पुण्याच्या ट्यूनरचे दोन दिवस.

तक्रारी आहेत. आठ दिवस सांगून एकोणीस लावले. वरच्या अकरांपैकी चार प्लेटमुळे, म्हणजे माझे. बाकीचे सात दिवस बोरिंग मशीनवर ट्रॅक्टरचे ब्लॉक होते. द्राक्षाच्या हंगामात ट्रॅक्टर थांबून चालत नाही हे मला कळतं, पण तसा फोन करायला हवा होता. फोन उचलतच नाहीत. स्वतः जावं लागतं, आणि पावसाळ्यात त्या गल्लीत लहान गाडी न्यायची तर पाणी बघून. पक्कं बिल मागितल्यावर मिळालं, आपणहून नाही. ब्लॉक न्यायला-आणायला छोटा हत्ती आपणच करायचा.

आणि एक गोष्ट दुकानाबाहेरची. टर्बो म्हणजे गाडीच्या मूळ रचनेत बदल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचा, आरटीओत आणि विमा कंपनीकडे आधी विचारा, लेखी. पंधरा वर्षांवरच्या गाडीचं पासिंग दर पाच वर्षांनी असतं, तेव्हा प्रश्न येणारच.

आता अकरा हजार किलोमीटर झाले. गाडी रोज सिन्नरला जाते. ट्यूनरनं मामांच्या सांगण्यावरून खालच्या आरपीएमला बूस्ट मुद्दाम कमी ठेवलंय, कारण चौथ्या गिअरमध्ये दोन हजारावर घाटात रेटणं हाच या इंजिनाला सगळ्यात वाईट प्रसंग. आता मोहदरीत मी तिसरा टाकते आणि इंजिन हसत चढतं. ९५ ऑक्टेनचंच पेट्रोल भरते. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) नेली नाही, म्हणून ताकदीचा आकडा देत नाही. लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमधून हवा किती गळते ते) गेल्या महिन्यात केली: चारही सिलिंडर ५ ते ७ टक्क्यांत. कूलंटची पातळी रेषेवरून हललेली नाही. तेल दोन सर्व्हिसच्या मध्ये पाऊण लिटर घालावं लागतं, तेवढं मी धरलंच होतं. निफाडकडून थंडी उतरते त्या डिसेंबरच्या सकाळी सुरू करताना फोर्ज्ड पिस्टनचा टकटक आवाज मिनिटभर येतो. जास्त सिलिकॉनवाल्या मिश्रधातूचे पिस्टन घेतल्यामुळे कमी येतो; तो कमी फुगतो म्हणून फट लहान ठेवता येते. आईला तो आवाज काळजीचा वाटतो. गरम झाल्यावर जातो, हे तिला दर वेळी सांगते.

कसारा घाट पुन्हा मेमध्येच चढले. मुद्दाम. एसी चालू, आई शेजारी, मागे मावशीनं दिलेल्या आंब्यांच्या दोन पेट्या. काटा मधल्या रेषेवर होता तिथेच राहिला. वर आल्यावर इगतपुरीला थांबून बॉनेट उघडलं, थंड होऊ दिलं, बाटली बघितली. पाणी स्तब्ध.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा गुण फोनचा.

ज्यांच्याकडे हेच इंजिन आहे त्यांच्यासाठी: माझी टॉर्क प्लेट मी मामांकडेच ठेवली आहे, होनिंग मशीनशेजारच्या रॅकवर, तेल लावून कागदात गुंडाळलेली. बोल्टही सोबत आहेत. ब्लॉक घेऊन गेलात तर मागून घ्या, पैसे नकोत. गॅस्केट मात्र तुमचं आणा. आणि माझा जुना ब्लॉक तिथेच दाराशी आहे, तीन नंबरवर एकदा नख फिरवून बघा.